शब्दचर्चा : कोरोना ‘येऊन गेला’ म्हणजे किती दिवसांसाठी गेला?

अमळनेर :
वाचनालयाच्या भित्तिपत्रकासाठी कोरोनानंतरच्या इम्युनिटीवर लिहितेय. ‘प्रतिकारशक्ती’, ‘रोगप्रतिकारक्षमता’, ‘प्रतिपिंडं’ हे शब्द सगळीकडे एकाच अर्थाने वापरलेले दिसतात. ते एकच आहेत का? आणि इकडे सर्रास म्हणतात तसं ‘मला कोरोना येऊन गेलाय’ असं लिहिलं तर चालेल का?

धुळे :
ताई, चालेल. लोक बोलतात तसंच लिहा. २०२१ च्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत ज्याच्या त्याच्या तोंडी एकच होतं, ‘माले व्हई गया, आते काय व्हत नही.’

रावेर :
भाऊ, त्या वाक्याचा दुसरा अर्धा भागच तर घोटाळ्याचा आहे. ‘येऊन जाणे’ हे आपण गोवर, कांजण्या आणि पूर्वी देवी यांच्यासाठी वापरत आलो. ‘त्याला गोवर येऊन गेलाय’ म्हटलं की आजी त्या पोराला खुशाल आजारी भावंडाजवळ बसू द्यायची. एकदा आला, आता जन्मभर चिंता नाही, हा अर्थ त्या दोन शब्दांत मुरलेला आहे. गोवराबाबत तो खराही आहे. १८४६ साली फेरो बेटांवर गोवराची मोठी साथ आली, तेव्हा ज्या म्हाताऱ्यांना १७८१ च्या साथीत तो होऊन गेला होता त्यांना पुन्हा झाला नाही. मधे ६५ वर्षं गेली होती.

सर्दीचं तसं नाही. सर्दी ‘येऊन गेली’ असं कोणी म्हणत नाही. सर्दी ‘होते’, बरी होते, पुढच्या पावसाळ्यात परत होते. माणसांत नेहमी फिरणारे चार जुने कोरोना विषाणू याच सर्दीवाल्यांपैकी आहेत आणि त्यांची लागण वर्षभरात पुन्हा होताना दिसली आहे. आपण नव्या कोरोनाला गोवराचं क्रियापद लावलं आणि त्यासोबत गोवराची निर्धास्तीही घेतली. माझ्या मते नुकसान तिथे झालं.

नंदुरबार :
पण ‘ताप येऊन गेला’ म्हणतोच की आपण. तिथे जन्मभराची हमी कोण धरतो?

रावेर :
दादा, मुद्दा रास्त आहे. तापात तो अर्थ नाही, कारण ताप हे लक्षण आहे. रोगाच्या नावापुढे ‘येऊन गेला’ आलं की मात्र ऐकणारा हमी धरतो. (कांजण्यांचा विषाणू तर जातही नाही, मज्जातंतूंत दबा धरून बसतो आणि उतारवयात नागीण होऊन वर येतो.)

ताई, तुमचे पहिले दोन शब्द एकाच गोष्टीचे, तिसरा वेगळा. प्रतिपिंडं म्हणजे अँटिबॉडी, रक्तात फिरणारी प्रथिनं. ती बरं झाल्यावर काही महिन्यांत उतरतात. त्यावरून ‘प्रतिकारशक्ती संपली’ लिहू नका, कारण स्मृतिपेशी, म्हणजे विषाणूची ओळख जपणाऱ्या पेशी, मागे राहतात. २०२१ च्या सुरुवातीला प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लागण होऊन ८ महिने झालेल्यांतही त्या सापडल्या. २००३ चा सार्स हा आजारही एका कोरोना विषाणूचाच. त्यातून बरे झालेल्यांत तर त्या विषाणूला ओळखणाऱ्या टी पेशी (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) १७ वर्षांनीही होत्या. मला ‘शक्ती’पेक्षा ‘क्षमता’ बरं वाटतं. शक्ती म्हटलं की लोक काढा आणि च्यवनप्राशाकडे वळतात. इथे गोष्ट एका विशिष्ट विषाणूला ओळखण्याची आहे.

जळगाव :
मी दवाखान्यात काम करते. पेशंट शेवटी एकच विचारतो, ‘मॅडम, किती महिने?’ त्याला स्मृतिपेशी सांगून भागत नाही.

रावेर :
मग उत्तर दोन क्रियापदांत द्यावं लागेल. पुन्हा ‘लागण होणे’ वेगळं आणि ‘गंभीर होणे’ वेगळं. २०२३ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात १९ देशांतल्या ६५ अभ्यासांचा एकत्र आढावा आला. आधी लागण होऊन गेलेल्यांना ४० आठवड्यांनी, म्हणजे साधारण ९-१० महिन्यांनी, ओमायक्रॉन या बदललेल्या कोरोनाच्या पहिल्या प्रकाराची लागण होण्यापासून फक्त सुमारे ३६ टक्के संरक्षण उरलं होतं. त्याआधीच्या प्रकारांसाठी तेच ७९ टक्क्यांच्या आसपास होतं. मात्र दवाखान्यात भरती होण्यापासून किंवा मृत्यूपासूनचं संरक्षण दोन्हीकडे ९० टक्क्यांच्या जवळपास टिकून होतं. विषाणू बदलला की लागण रोखणं अवघड जातं, पण शरीर त्याला पुरतं विसरलेलं नसतं. म्हणून एका आकड्यात ‘इतके महिने टिकते’ असं लिहिणं चूकच.

धुळे :
हे पटलं. आयसीएमआरने, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने, पुनर्संसर्गासाठी १०२ दिवसांचं अंतर धरलं होतं, ते आमच्याकडे ‘१०२ दिवस काही होत नाही’ असं फिरलं. ते तर दोन पॉझिटिव्ह चाचण्यांमधलं अंतर होतं, आणि मधली एक निगेटिव्ह हवी होती. मोजायची व्याख्या होती ती, अभय नव्हतं.

अमळनेर :
मग मजकूर असा करते : ‘कोरोना एकदा झाला तरी पुन्हा होऊ शकतो, काही महिन्यांतही. पुढच्या वेळी तो बहुतेकांना कमी त्रास देतो, कारण शरीराने त्याची ओळख ठेवलेली असते.’ ‘येऊन गेला’ काढून टाकलंय.

जळगाव :
‘बहुतेकांना’ नंतर एक ओळ वाढवा, ताई. म्हातारी माणसं, डायलिसिसवरचे, कॅन्सरची औषधं घेणारे यांच्यात ही ओळख कमकुवत राहते, त्यांनी डॉक्टरांना विचारून लस घ्यावी. ती ओळ ठळक अक्षरात.