इस्तंबूलमध्ये एकच दिवस: आम्हा चौघींना हे झेपेल का?

चिंचबन:
सप्रेम नमस्कार. आम्ही महाविद्यालयापासूनच्या चार मैत्रिणी, सगळ्याच पन्नाशी ओलांडलेल्या, युरोपातून परतताना ऑक्टोबरमधील एका मंगळवारी सकाळी इस्तंबूलला उतरणार असून बुधवारी पहाटेच्या विमानाने मुंबईला निघणार आहोत. मुक्काम सुलतानअहमद भागात आहे. त्या एका दिवसात आया सोफिया, निळी मशीद, तोपकापी राजवाडा, भूमिगत जलाशय, मोठा बाजार, गलाता मनोरा आणि बॉस्फरसची बोट हे सारे पाहायचेच, असा एकीचा हट्ट आहे. दुसरीचा गुडघा मात्र जिना नुसता दिसला तरी कुरकुरतो. हे सर्व झेपेल का, आणि झेपणार नसेल तर काय गाळावे, हे जाऊन आलेल्यांनी सांगितले तर आमची भांडणे मिटतील.

उंबरठा:
निम्मा निर्णय तुमच्या वारानेच केला आहे, कारण तोपकापी राजवाडा मंगळवारी बंद असतो. हट्ट धरणाऱ्या मैत्रिणीला हे आजच सांगा. तिथे दारात सांगण्यापेक्षा बरे.

गेल्या वर्षी आम्ही पाच मित्रांनी जवळजवळ हीच यादी एका दिवसात पार पाडली आणि रात्री पाचही जण बुटांसकट पलंगावर आडवे झालो. त्या शहरात माणूस दमतो तो अंतरामुळे नव्हे, तर चढउतार आणि रांगांमुळे. आया सोफिया आणि निळी मशीद समोरासमोर आहेत, जलाशयही तिथून हाकेच्या अंतरावर आहे. तरीही या तिघांतच आमचे दुपारचे दोन वाजले. आया सोफियात पर्यटकांना २०२४ पासून तिकीट काढून केवळ वरच्या सज्जातच जाता येते, तेव्हा गुडघ्याची थोडी परीक्षा तिथेही आहे, पण इ.स. ५३७ मध्ये पूर्ण झालेल्या त्या वास्तूचा घुमट सज्जातून अधिक जवळून दिसतो, म्हणून ती गाळू नये. जलाशयात जिना उतरावा लागतो. खाली मंद उजेडात ३३६ खांब पाण्यात उभे आहेत आणि त्यांपैकी दोन खांबांच्या तळाशी मेडुसाची, म्हणजे ग्रीक पुराणातल्या सर्पकेशी राक्षसीची, मस्तके आहेत, एक आडवे आणि एक चक्क उलटे. आमच्यातील एक जण ते उलटे मस्तक नीट पाहता यावे म्हणून स्वतःच इतका वाकला, की त्याचा चष्मा पाण्यात पडता पडता वाचला.

मोठ्या बाजारात मात्र सावध राहा. साठाहून अधिक गल्ल्या आणि सुमारे चार हजार दुकाने असलेल्या त्या छताखाली आमचा एक मित्र रंगीत काचेच्या दिव्याचा भाव करता करता हरवला आणि त्याला शोधण्यात पाऊण तास गेला. तो सापडला तेव्हा दुकानदारासोबत तिसरा चहा पीत निवांत बसला होता, दिवा मात्र घेतलेला नव्हता. त्यानंतर आम्ही उतारावरच्या गल्ल्यांतून एमिनोन्यू या बोटींच्या धक्क्यापर्यंत चालत गेलो, पूल ओलांडला आणि गलाता मनोऱ्याचा चढ पायीच चढलो. हा शुद्ध मूर्खपणा होता, परंतु त्या चढावर आम्ही जेवढे हसलो तेवढे पुढे संपूर्ण प्रवासात हसलो नाही.

खलबत्ता:
उंबरठा यांच्या वर्णनात एक भर घालतो. दुखऱ्या गुडघ्याला चढापेक्षा उतार अधिक छळतो, म्हणून बाजारातून पायी उतरू नका. बाजाराजवळच्या बेयाझित थांब्याहून टी-१ ट्राम थेट एमिनोन्यूला आणि पुढे काराकोयला जाते. काराकोयहून वर जाण्यासाठी ‘त्युनेल’ ही १८७५ पासून चालणारी भुयारी गाडी आहे. ती दीड-दोन मिनिटांत टेकडीवर पोहोचवते आणि तिथून मनोरा थोडा खालच्या अंगाला राहतो. मनोऱ्यात लिफ्ट असली तरी शेवटचे मजले जिन्यानेच चढावे लागतात. त्यामुळे तो बाहेरूनच पाहावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

वाचलेला वेळ पाण्यावर घालवावा. पर्यटकांची महागडी बोट न घेता एमिनोन्यूहून काडिकोयला जाणारी साधी प्रवासी बोट घ्या. वीसेक मिनिटांत आपण युरोपातून आशियात जातो, हातात चहाचा कमरेत बारीक असलेला छोटा पेला असतो आणि सिमिट नावाच्या, तीळ लावलेल्या पावाच्या कड्यांचे तुकडे झेलायला समुद्रपक्षी कठड्याशी येतात. सूर्यास्ताच्या सुमारास परत फिरलात, तर मशिदींचे मनोरे समोर काळेभोर उभे दिसतात, आणि ते बसल्या जागेवरून!

(जाता जाता: तोपकापी म्हणजे ‘तोफेचा दरवाजा’. आपली ‘तोफ’ही मूळची तुर्की ‘तोप’च आहे. राजवाडा हुकला तरी शब्द आपल्याकडे आहे, असे त्या मैत्रिणीला सांगून पाहा.)

चिंचबन:
दोघांचेही मनःपूर्वक आभार. तोफेचा विनोद तिला मुळीच आवडलेला नाही, परंतु बोटीवर चौघींचे एकमत झाले आहे. ट्राम आणि बोट यांसाठी प्रत्येकीने वेगळे कार्ड घ्यावे लागेल का?

खलबत्ता:
नाही. एकच इस्तंबूलकार्ट चौघींसाठी चार वेळा टेकवता येते आणि ते ट्राम, त्युनेल व प्रवासी बोट या तिन्हींवर चालते. मशिदींसाठी प्रत्येकीजवळ डोके झाकण्यापुरती ओढणी मात्र वेगवेगळी हवी.