११वी ऑरगॅनिक: नामकरण आणि समघटकता पक्की कशी करून घ्यावी?

चौथाबाक:
१०वी मराठी माध्यमातून झालेला आणि आता ११वी सायन्स इंग्रजीतून करणारा मुलगा आहे. मिथेन ते डेकेन पाठ आहे, क्रियात्मक गट (हायड्रॉक्सी, कीटोन असे रेणूचे गुणधर्म ठरवणारे अणूंचे गट) ओळखतो. पण एकाच रेणूत दोन गट आले की नाव चुकतं, आणि समघटक (रेणुसूत्र एकच, पण अणूंची जोडणी किंवा मांडणी वेगळी) काढायला सांगितले की कधी कमी भरतात, कधी एकच रचना दोनदा येते. गाईडं दोन आहेत. तिसरं घ्यावं का? मॉडेल किटचा उपयोग होतो का? रोज अर्धा तास मिळतो.

काळीपाटी:
तिसरं गाईड नको, कोरी वही घ्या. नाव चुकतं ते बहुतेक वेळा सुरुवात फांद्यांपासून केल्यामुळे. क्रम असा ठेवा: आधी मुख्य क्रियात्मक गट, मग तो ज्या साखळीत आहे ती सगळ्यात लांब साखळी, मग क्रमांक, आणि फांद्या सगळ्यात शेवटी.

एक उदाहरण पुरेसं आहे. पाच कार्बनची साखळी काढा. डावीकडून दुसऱ्या कार्बनवर हायड्रॉक्सी आणि मिथाइल दोन्ही, चौथ्यावर कीटोन. मुलं डावीकडून मोजतात आणि '२-हायड्रॉक्सी-२-मिथाइलपेंटॅन-४-ओन' लिहून मोकळी होतात, कारण दोन-दोन गटांना २ मिळाला. पण अल्कोहोलपेक्षा कीटोन वरचा, त्यामुळे लहान क्रमांकाचा मान त्याचा. उजवीकडून मोजा: ४-हायड्रॉक्सी-४-मिथाइलपेंटॅन-२-ओन. हायड्रॉक्सीचा इथे '-ऑल' होत नाही. शेपूट एकाच गटाला मिळतं, बाकीचे पुढे लागतात.

पाठ करायची उतरंड: कार्बोक्झिलिक आम्ल, एस्टर, अमाइड, नायट्राइल, अल्डिहाइड, कीटोन, अल्कोहोल, अमाइन. हॅलोजन, नायट्रो आणि ईथरचा अल्कॉक्सी गट यांना शेपूट कधीच नाही.

निळालिटमस:
काळीपाटी यांच्याशी सहमत. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांचा एक खास घोळ मात्र वेगळा सांगायला हवा. फांद्यांची नावं वर्णक्रमाने लिहायची म्हटलं की ती मनातल्या मनात अकारविल्हे लावतात. इ आधी, क नंतर, म्हणून 'इथाइल' आधी आणि 'क्लोरो' मागे. क्रम इंग्रजी अक्षरांचा आहे: ब्रोमो बी, क्लोरो सी, इथाइल ई, हायड्रॉक्सी एच, मिथाइल एम. म्हणजे क्लोरो आणि ब्रोमो दोन्ही इथाइलच्या आधी.

डाय, ट्राय हे या क्रमात धरायचेच नाहीत. ३-इथाइल-२,२-डायमिथाइलपेंटेन बरोबर आहे. डायमिथाइलचा डी बघून त्याला पुढे आणलं की चूक.

आणि 'क्रमांकांची बेरीज कमी' हा नियम डोक्यातून काढा, क्लासमध्ये सर्रास सांगतात. दहा कार्बनच्या साखळीवर तीन मिथाइल. एका बाजूने मोजलं तर २,७,८ आणि दुसऱ्या बाजूने ३,४,९. बेरीज १७ आणि १६. तरी उत्तर २,७,८-ट्रायमिथाइलडेकेन, कारण पहिला फरक जिथे पडतो तिथे कोण लहान, एवढंच बघायचं.

उलटसुलट:
समघटक मोजण्याबद्दल. सहा कार्बनच्या अल्केनला सहा येतात ना? २-इथाइलब्यूटेन धरून.

काळीपाटी:
पाचच. २-इथाइलब्यूटेन काढून त्यावर बोट फिरवा: इथाइलच्या टोकापासून निघालात तर सलग पाच कार्बन भेटतात. ते ३-मिथाइलपेंटेनच आहे. 'एकच दोनदा' होतं ते असंच.

पद्धत: साखळी एकेक कार्बनने तोडत जा. सहाची सरळ, १. पाचची आणि एक मिथाइल: दुसऱ्यावर किंवा तिसऱ्यावर, २ (चौथा म्हणजे उलटून दुसराच, टोकाला लावलं तर साखळीच लांबते). चारची आणि दोन मिथाइल: २,२ आणि २,३, आणखी २. चारच्या साखळीवर इथाइल बसतच नाही. हीच रीत सात कार्बनला लावून ९ आले पाहिजेत. प्रत्येक रचनेखाली लगेच नाव लिहायचं. नाव जुळलं तर रचना तीच, चित्र कितीही वेगळं दिसो.

रेणुसूत्र दिलं असेल तर पेन उचलण्याआधी असंपृक्तता, म्हणजे द्विबंध आणि कडी मिळून किती, ते काढा: कार्बनची दुप्पट अधिक २, त्यातून हायड्रोजन वजा, भागिले २. हॅलोजन हायड्रोजनसारखे वजा, नायट्रोजन मिळवायचे, ऑक्सिजनकडे बघायचं नाही. चार कार्बन, आठ हायड्रोजन: उत्तर १. म्हणजे एक द्विबंध किंवा एक कडं. मुलं कडं विसरतात आणि तीनवर थांबतात. सायक्लोब्यूटेन आणि मिथाइलसायक्लोप्रोपेन धरून रचना समघटक ५. ब्यूट-२-ईनचे सिस (दोन्ही मिथाइल द्विबंधाच्या एकाच बाजूला) आणि ट्रान्स (विरुद्ध बाजूंना) वेगळे मोजले तर ६. प्रश्नात 'रचना' शब्द आहे की नाही, ते दोनदा वाचा.

चौथाबाक:
छान. किटचं राहिलं. आणि नेटवर एकाच रेणूची दोन नावं दिसली, एकात २-इथाइलपेंट-१-ईन, दुसऱ्यात ३-मिथिलिडीनहेक्झेन. चूक कुठली?

निळालिटमस:
चूक कुठलंच नाही. जुन्या नियमात द्विबंध मुख्य साखळीत हवाच होता, आयुपॅकच्या (रसायनांच्या नावांचे नियम ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था) २०१३च्या शिफारशींमध्ये लांबीला आधी मान दिला. परीक्षेला पाठ्यपुस्तकातलं, म्हणजे पहिलं नाव लिहा.

किट असेल तर उत्तम, नसेल तर क्ले आणि टूथपिक. मधे काळी गोळी म्हणजे कार्बन, भोवती चार रंगांच्या चार म्हणजे त्याचे चार वेगळे गट. तीन काड्या तिपाईसारख्या टेबलावर टेकतील आणि चौथी सरळ वर जाईल अशा लावा, कोन साधारण १०९.५ अंश. मुलं हटकून अधिक चिन्हासारखं चपटं मॉडेल करतात, आणि मग सगळंच फसतं: चपटं मॉडेल उलथं केलं की आरशातल्या प्रतिमेवर तंतोतंत बसतं, आणि 'एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा असलेले दोन वेगळे समघटक कुठे आहेत?' हा प्रश्न उरतो. तिपाई केलीत, दुसऱ्या मॉडेलात दोन रंगांची अदलाबदल केलीत, की कसंही फिरवा, बसत नाही.

त्याच मॉडेलवर आर-एस करा, म्हणजे या दोन आरसा-प्रतिमांना वेगळी नावं द्या. ब्यूटॅन-२-ऑल घ्या: हायड्रॉक्सी, इथाइल, मिथाइल, हायड्रोजन हा अग्रक्रम. हायड्रोजन आपल्यापासून लांब धरून पहिल्या तिघांवरून घड्याळाच्या दिशेने गेलात तर आर, उलट गेलात तर एस. कागदावर हायड्रोजन आपल्याकडे काढलेला असेल तर आलेलं उत्तर उलटवा. हमखास गुण जातात ते इथे.

उलटसुलट:
दोन कायरल कार्बन (चार वेगळे गट असलेले) असले की चार समघटक, हे तरी पक्कं ना?

काळीपाटी:
दोन्ही कार्बनवर सारखेच चार गट नसतील तर. टार्टारिक आम्लाला तीनच. चौथा म्हणून काढाल तो मेसो, आणि त्याची आरशातली प्रतिमा म्हणजे तो स्वतःच. क्लेची दोन मॉडेलं जोडून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. १२वीत हॅलोजन डेरिव्हेटिव्हमध्ये एसएन१ आणि एसएन२ (एक गट जाऊन दुसरा येण्याच्या अभिक्रियांचे दोन प्रकार) येईल तेव्हा हीच मॉडेलं परत लागतील, मोडू नका.