जुन्या एसयूव्हीचे शॉकअप घरी बदलले असतील तर अनुभव सांगा

जुनंसोनं
परवा समोरून एक जुनी एसयूव्ही गतिरोधकावरून उतरली आणि तिची मागची बाजू पार वळणापर्यंत डुलत गेली. चालवणाऱ्याला बहुधा जाणवतही नसेल. शॉकअप एका दिवसात जात नाहीत, हळूहळू ढिले पडतात आणि तेवढ्याच सावकाशीनं आपल्याला त्याची सवय होते. बाबांच्या गाडीचं हेच झालं होतं. ते सगळं डोळ्यांपुढे आलं म्हणून धागा काढतोय.

गाडी चेसीवाली, मागे पाटे (लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग) आणि अखंड एक्सल. ब्रेक दाबला की नाक खाली, सोडला की वर. मागच्या टायरवरून हात फिरवला तर रबर सलग लागायचं नाही, उंचवटा-खळगा, उंचवटा-खळगा असं. टायर असा झिजला की चाक रस्त्याला धरून चालत नाहीये, टप्पे खातंय हे ओळखायचं. बाबा म्हणाले, "वजन पाटे पेलतात, शॉकअप फक्त पाट्यांना आवरतो. आता आवरणारं कुणी उरलं नाही." वाकून पाहिलं तर एका शॉकअपवरून तेल ओघळलेलं आणि त्यावर धुळीचा जाड थर. (नुसता ओलसरपणा असेल तर घाबरू नका, तेवढा चालतो. ओघळ दिसला की तो संपला.)

मागची जोडी आम्ही दारातच बदलली. उंच गाडीचा फायदा असा की चाकं जमिनीवर ठेवूनच खाली शिरता येतं. आमच्या गाडीला जॅक लावावाच लागला नाही. एक्सल आपल्या जागी, पाटे वजनाखाली. पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे, हँडब्रेक ओढलेला, गाडी गिअरमध्ये. नवीन बसवायला फारसं काही लागत नाही. सगळी कुस्ती जुन्या बोल्टशी.

जुना निघाल्यावर बाबांनी तो उभा धरून दांडा दाबला. अर्ध्यापर्यंत कशालाही न अडता गेला, मग जरासा अडला आणि आत तेलाचा चुळुक असा आवाज. ओढला तर तसाच पोकळ. मग नवा माझ्या हातात दिला. दाबायला जोर, ओढायला त्याहून जास्त, आणि सगळ्या लांबीभर एकसारखा. शॉकअप काय काम करतो हे मला त्या दिवशी हाताला कळलं.

तुम्ही कुणी केलंय का? बोल्ट कसे सोडवलेत ते जरूर लिहा.

रिंगपाना
एकच नंबर धागा. बोल्टबद्दल माझं ठाम मत आहे: पाना लावायच्या आधीच अर्धं काम होतं. नटाच्या बाहेर जे आटे दिसतात ते तारेच्या ब्रशनं घासून लख्ख करा. लोक थेट नट फिरवायला जातात, तो गंजलेल्या आट्यांवर चढतो आणि तिथेच आवळून बसतो. घासल्यावर गंज सोडवणारं तेल आदल्या संध्याकाळी मारा, झोपायच्या आधी परत मारा, सकाळी परत. मग सहा कोनांची गोटी (सॉकेट). बारा कोनांची नको, गंजलेल्या नटाचे कोपरे खाते. आणि सोडवायच्या आधी किंचित आवळा. कट्ट आवाज आला की गंज तुटला, मग उलटं फिरवा. थोडं सोडा, थोडं आवळा, परत सोडा, तेल. घाई केली की बोल्ट तुटतो.

आभाळवेडी
वाचनखूण साठवली. डाळ लावलीये, नंतर सविस्तर लिहिते.

घाटवाट
आमच्या आज्जीमुळे बदलले आम्ही. ती मागच्या सीटवर बसली की अर्ध्या तासात तोंड पांढरं. सगळे म्हणायचे वय झालं, प्रवास झेपत नाही. शॉकअप बदलल्यावर पहिल्या फेरीत आज्जी गप्पा मारत आली!! वयाबियाचं काही नव्हतं, गाडी झोके देत होती. तेव्हापासून घरात कुणाला गाडी लागली की मी आधी गाडीखाली बघतो.

निवांत
@घाटवाट, आज्जीला नमस्कार सांगा. माझ्या मुलीलाही गाडी लागते. पुढे बसवलं, खिडकी उघडली, मोबाइल बघू दिला नाही, तरी तेच. आता हे तपासतो.

घाटवाट
तपासा नक्की. किती मोठी आहे मुलगी? मुलांना सीट उंच करून बाहेरचं दिसेल असं बसवलं तर बराच फरक पडतो.

तेलकट हात
मी हेच काम करत आलोय, म्हणून दोन गोष्टी कळकळीनं सांगतो.

पहिली. धागाकर्त्यांची गाडी पाट्यांची, म्हणून चाकं जमिनीवर ठेवून सोपं गेलं. मागे कॉइल स्प्रिंग असलेली एसयूव्ही असेल आणि गाडी चेसीवर उचललेली असेल, तर बऱ्याच गाड्यांत एक्सलला खाली लटकण्यापासून तो शॉकअपच धरून ठेवतो. तो सोडवला की एक्सल खाली येतो, ब्रेकच्या रबरी नळीला हिसका बसतो, स्प्रिंगसुद्धा जागेवरून निसटू शकते. म्हणून शेवटचा बोल्ट काढायच्या आधी एक्सलखाली जॅकचा आधार, आणि गाडीचं वजन घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही, एका मिनिटासाठीही, जाऊ नये.

दुसरी. पुढे मॅकफर्सन स्ट्रट असेल, म्हणजे शॉकअप स्प्रिंगच्या आतच बसवलेला असेल, तर ते काम वेगळं समजा. तिथे वरचा मधला नट दाबलेल्या स्प्रिंगला धरून असतो. स्प्रिंग शिकंज्यात (स्प्रिंग दाबून धरणाऱ्या अवजारात) न आवळता तो नट सोडवला तर स्प्रिंग जिवावर बेतेल इतक्या जोरानं सुटते. हलके, जुने शिकंजे घसरतात. स्ट्रट अखंड बाहेर काढून तेवढी स्प्रिंग उतरवायला गॅरेजात न्या, त्यात कमीपणा काही नाही. नंतर अलाइनमेंटही करावी लागते. सुटा शॉकअप असेल तर सहसा लागत नाही.

खडूफळा
अवांतर: मॅकफर्सन म्हणजे अर्ल मॅकफर्सन, अमेरिकी अभियंता. १९५० च्या फोर्ड कॉन्सलला ही रचना होती आणि पुढे छोट्या गाड्यांत सगळीकडे गेली. कमी जागेत स्प्रिंग, शॉकअप आणि वरचा आधार एकाच खांबात. चेसीवाल्या जुन्या एसयूव्हींना मात्र सहसा सुटे शॉकअप, त्यामुळे घरी काम करणाऱ्यांचं भाग्यच.

चिखलरस्ता
एकच गळतोय. एकच बदलला तर?

रिंगपाना
जोडीनंच बदला. डावा नवा, उजवा जुना असं झालं की खड्ड्यात गाडीच्या दोन बाजू वेगवेगळ्या वागतात, ब्रेक दाबताना तर फारच. पुढचे दोन किंवा मागचे दोन, एका वेळी एक जोडी चालेल.

आभाळवेडी
आले परत. माझ्या सासऱ्यांनी आणि मी मिळून बदलले. ते गाडीखाली शिरू शकत नाहीत, गुडघे. मग मी खाली, ते बाहेर स्टुलावर बसून टॉर्च धरून. खालच्या बोल्टनं जाम छळलं. नट निघाला पण बोल्ट बाहेर येईना, बुशच्या (शॉकअपच्या टोकाला बसवलेल्या रबराच्या) आतल्या लोखंडी नळीत गंजून एकजीव झालेला. हातोडा, तेल, पाइप लावून जोर, सगळं झालं. शेवटी ग्राइंडरनं बुशच्या दोन्ही बाजूंनी कापला. कापताना मामंजींनी पहिला प्रश्न विचारला, "ठिणग्या कुठे जाताहेत?" डिझेलची टाकी तिथून हातभरावर आणि ब्रेकचा पाइप त्याहून जवळ. ओलं गोणपाट मध्ये धरलं, बादलीत पाणी शेजारी, चष्मा घातलेला, मगच कापला. नवीन बोल्ट घालताना मधल्या भागाला ग्रीस लावलं म्हणजे पुढच्या माणसाला त्रास नको.

मामंजी आता नाहीत. तो टॉर्च अजून त्याच टूलबॉक्समध्ये आहे.

जुनंसोनं
@आभाळवेडी, वाचून गलबललं. ठिणग्यांचा मुद्दा लाखमोलाचा, कुणी सांगत नाही. ज्योत वापरून बोल्ट तापवणाऱ्यांनीही लक्षात ठेवा, शॉकअपमध्ये तेल असतं आणि गॅसवाला असेल तर दाबाखालचा नायट्रोजन. त्याच्या अंगाला ज्योत नको.

निवांत
मुलगी सात वर्षांची. आज उशी देऊन बसवलं, बाहेर बघत बसली, बरी होती. धन्यवाद घाटवाट _/\_

मोकळीहवा
गॅसवाले घ्यावेत की साधे तेलाचे?

तेलकट हात
रोजच्या वापराला दोन्ही चालतात. शॉकअप डुलण्याची ताकद उष्णतेत घालवतो, म्हणून खराब रस्त्यावर बराच वेळ चाललं की तेल तापतं आणि त्यात फेस होतो. फेस झाला की दांड्याला अडवायला तेलच पुरत नाही. गॅसच्या दाबानं तो फेस कमी होतो. सतत खडबडीत रस्ता आणि भरलेली गाडी असेल तर गॅसवाला. नाहीतर कंपनीनं जो दिलाय त्याच जातीचा, त्याच लांबीचा घ्या. गाडी उंच केलेली नसेल तर लांब शॉकअपच्या मोहात पडू नका, पूर्ण दबल्यावर आतून ठोकर बसते.

बसवायच्या आधी एक काम मात्र कराच. दुहेरी नळीचा असेल तर डब्यात आडवा पडून आतल्या नळीत हवा शिरलेली असते. उभा धरायचा, दांडा वर, आणि पूर्ण दाबा-ओढा, दाबा-ओढा. मधली पोकळ जागा जाईपर्यंत. मग बसवेपर्यंत उभाच ठेवा. गॅसवाल्याला पट्टी बांधलेली येते, ती जागेवर नेऊनच कापा, नाहीतर तो लांब होतो आणि परत हातानं दाबताना दम निघतो.

घाटवाट
हे दाबा-ओढा आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, पहिल्या दिवशी खटखट यायची ती नंतर गेली. म्हणजे हेच असणार.

पावशेर
गाडीचा कोपरा दाबून सोडायचा, एकदा वर येऊन थांबली की शॉकअप चांगला, असं ऐकलंय. आमची दाबलीच जात नाही.

रिंगपाना
जड एसयूव्हीला ती परीक्षा फारशी लागू पडत नाही, पाटे कडक असतात. टायर, ओघळ आणि ब्रेक दाबताना नाक किती खाली जातं ते बघा. आणि बुश. बरेचदा शॉकअप ठीक असतो, रबर फाटलेलं असतं.

चिखलरस्ता
मंडळी, आत्ता गाडीखालीच आहे. मागचे झाले. पुढचा वरचा नट दांड्यासकट गोल गोल फिरतोय, सुटतच नाही. काय करू? आधार वगैरे सगळा दिलाय.

आभाळवेडी
अरे वा, लगेच कामाला!

तेलकट हात
दांड्याच्या वरच्या टोकाला बघा, दोन बाजूंनी चपटं केलेलं असेल. तिथे छोटा पाना धरून ठेवा आणि नट रिंग पान्यानं फिरवा. चपटं झिजलं असेल तर पकडीनं घट्ट धरा, जुनाच आहे, खराब झाला तरी चालेल. तरीही नाही निघाला तर नटाला बाजूनं हॅक्सॉनं उभा काप द्या आणि छिन्नीनं फोडा. नव्याच्या चकचकीत दांड्याला मात्र पकड अजिबात लावायची नाही. त्यावर चरा पडला की सील कापलं जातं आणि तेल गळायला लागतं.

रिंगपाना
आणि वायसर, रबर, ब्रॅकेट, परत रबर, वायसर हा क्रम काढायच्या आधी फोटोत घ्या.

चिखलरस्ता
पकडीनं निघाला!! दादा, खूप खूप आभार. आता नवा नट किती आवळू? रबर दाबलं जातंय.

तेलकट हात
पुस्तकात आकडा दिला असेल तर टॉर्क रेंच वापरा. नसेल तर रबर वायसरच्या काठाइतकं फुगलं की थांबा. चेपून पसरलं तर लवकर फाटतं. डोळ्याचे, म्हणजे आडवा बोल्ट जाणारे, ते गाडी चाकांवर उतरवल्यावरच शेवटचे आवळायचे. चाक लटकत असताना आवळले तर गाडी खाली आल्यावर बुशचं रबर कायमचं पिळलेलं राहतं, काही महिन्यांत फाटतं. थोडी चालवून झाल्यावर सगळे नट परत एकदा बघा.

मोकळीहवा
जुन्यांचं काय करायचं? मुलगा म्हणतोय कापून आत काय असतं बघू.

तेलकट हात
गॅसवाला कापू देऊ नका, आत दाब असतो, तेल डोळ्यांत उडतं. भंगारवाल्याला सांगून द्या. मुलाला उघडलेल्या शॉकअपची चित्रं दाखवा, त्याला आवडेल. दट्ट्यावरच्या (पिस्टनवरच्या) बारीक झडपांमधून तेल कसं जातं ते बघण्यासारखं आहे.

पावशेर
थोडं अवांतर, ड्रायव्हरची सीट बसताना कुरकुरते, शॉकअपशी संबंध असेल का?

आभाळवेडी
नाही हो, सीटचे चार बोल्ट तपासा आधी, आणि रुळातली माती काढून ग्रीस लावा. आमची तेवढ्यानं गेली.