शब्दचर्चा : 'हील'ला मराठीत काय म्हणाल?

टीव्हीवरच्या खलनायिका, प्रो रेसलिंग आणि हॉकी (बर्फावरची, मैदानावरची नव्हे) ही माझी तीन व्यसनं. तिन्हींबद्दल मराठीत लिहायला बसलं की गाडी एकाच जागी अडते. वाईट माणसांसाठी शब्द कमी पडतात असं नाही, त्या बाबतीत आपली भाषा चांगली खातीपिती आहे. पण या तिन्ही ठिकाणी वाईट वागणं हे एक नेमून दिलेलं काम असतं, आणि त्या कामाचं नाव मला मराठीत सापडत नाही.

रेसलिंगमध्ये ते काम करणारा तो 'हील'. त्याच्यासमोरचा भला माणूस 'बेबीफेस', किंवा नुसता 'फेस'. हीलला 'खलनायक' म्हणून मोकळं होता येतं, पण मला ते पटत नाही. खलनायक गोष्टीतल्या नायकाच्या वाईटावर असतो. हील प्रेक्षकांच्या वाईटावर असतो. त्याने नायकाला फोडून काढलं आणि लोक गप्प बसून राहिले, तर त्याची रात्र फुकट गेली.

७ ऑक्टोबर २०१५ ची साशा बँक्स विरुद्ध बेली ही लढत बघा. ३० मिनिटांची आयर्न मॅन लढत, म्हणजे वेळ संपेपर्यंत जिचे विजय जास्त ती जिंकली. पंचाईत अशी होती, की साशा हील असूनही लोकांची लाडकी झाली होती. तिच्याही नावाचा गजर चालला होता. पहिल्या रांगेत बेलीची एक चिमुरडी चाहती बसली होती, डोक्याला बेलीसारखाच हेडबँड. साशा रिंगमधून उतरली आणि तिने तो हेडबँड ओढून घेतला. पोरगी रडायला लागली. साशाने तिच्याकडे बघत डोळे चोळून रडण्याची नक्कल केली. त्या पोरीचा लढतीशी काडीचा संबंध नव्हता, बेलीला त्यातून एक ओरखडाही उठला नाही. पण त्यानंतर बेली ३-२ ने जिंकली तेव्हा ते जिंकणं हवंहवंसं वाटलं, ते त्या हेडबँडमुळे.

आता १३ एप्रिल २००८. न्यूयॉर्क रेंजर्स विरुद्ध न्यू जर्सी डेव्हिल्स, प्लेऑफचा सामना. रेंजर्सचे पाच आणि डेव्हिल्सचे तीन खेळाडू बर्फावर. शॉन एव्हरी खेळाकडे चक्क पाठ करून गोलरक्षक मार्टिन ब्रोडरच्या तोंडासमोर उभा राहिला आणि हात नि काठी हलवत राहिला. पक कुठे आहे याच्याशी त्याला कर्तव्यच नव्हतं. असं करू नये असा स्पष्ट नियम तेव्हा नव्हता, कारण कुणी असं करेल हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी एनएचएलने, म्हणजे अमेरिका-कॅनडातल्या व्यावसायिक हॉकी लीगने, खुलासा काढला, की यापुढे याला अखिलाडू वर्तनाची पेनल्टी मिळेल (म्हणजे ठरावीक मिनिटं बर्फाबाहेर बसायचं).

आणि तिसरी 'डायनेस्टी' या अमेरिकन मालिकेतली अ‍ॅलेक्सिस. जोन कॉलिन्स त्या मालिकेत १९८१ मध्ये, दुसऱ्या पर्वात आली. त्याआधी मालिका बेताचीच चालत होती. १९८४-८५ च्या हंगामात ती अमेरिकेतली सर्वाधिक पाहिली जाणारी मालिका झाली. १९८३ मध्ये अ‍ॅलेक्सिस आणि क्रिस्टल यांची कमळाच्या तळ्यात जी झोंबाझोंबी झाली, ती पाहून रेसलिंगवाल्यांनीही टाळ्या वाजवल्या असत्या.

या तिघांना मिळून एक शब्द हवाय. नसेल तर तीन द्या.

प्रतिसाद

'खल' पुरेसा आहे की. जुना, लहान, आणि लिंगाची भानगड नाही. पसायदानात 'खळांची व्यंकटी सांडो' आहे, खळ सांडो असं नाही. माणूस राहू दे, त्याचा वाकडेपणा जाऊ दे. तुमच्या रेसलिंगमध्ये हीलचा फेस करतात, ते याहून वेगळं काय?

प्रतिसाद

मुळात हे सगळं नुरा कुस्ती आहे. निकाल आधी ठरलेला. नुरा कुस्तीत कुठला आलाय खल आणि कुठला सज्जन? दोघे मिळून बघणाऱ्याला फसवतात.

धागाकर्ती

'खल' मला आवडला, पण त्यात स्वभाव येतो, काम येत नाही. शिवाय 'काल तिने छान खल केला' असं म्हणून बघा. वाचणारा खलबत्ता शोधायला जाईल.

नुरा कुस्तीबद्दल मात्र भांडेन. नुरा कुस्ती ही फसवणूक, कारण बघणाऱ्याला ती खरी म्हणून दाखवली जाते. रेसलिंगमध्येही एके काळी तसंच होतं. आतलं गुपित बाहेर फुटू न देण्याच्या शिस्तीला 'केफेब' म्हणत. फेस आणि हील यांनी एकत्र दिसायचंसुद्धा नाही. मे १९८७ मध्ये हॅक्सॉ जिम डगन आणि आयर्न शेख न्यू जर्सीत पोलिसांना एकाच गाडीत सापडले, तेव्हा दोघांचंही काम गेलं. पडद्यावर तेव्हा त्यांच्यात हाडवैर चालू होतं. (त्यांच्याजवळ अमली पदार्थही सापडले होते. पण धंद्यातल्या लोकांना जास्त झोंबली ती एक गाडी.) १९८९ मध्ये मात्र त्यांच्या डब्ल्यूडब्ल्यूएफ या कंपनीने न्यू जर्सीच्या सिनेटपुढे स्वतःच कबूल केलं, की ही करमणूक आहे, खरी स्पर्धा नव्हे. त्यानंतर फसवणार कुणाला? प्रेक्षक सगळं जाणून हुर्यो उडवतो. माझ्या मते केफेबला जवळचा शब्द 'सोंग'. सोंग घेतलंय हे घेणाऱ्याला माहीत, बघणाऱ्याला माहीत, तरी ते वठलं पाहिजे. 'सोंग वठवणे' हे क्रियापद तर तयारच आहे.

प्रतिसाद

'हुर्यो' घ्या की 'हीट'साठी, म्हणजे हीलवर निघणाऱ्या लोकांच्या रागासाठी! हीलला हीट मिळाली = हीलची हुर्यो उडाली.

धागाकर्ती

घेतला. एका अटीवर. रेसलिंगमध्ये हीट दोन तऱ्हेची असते. एक, 'हिला कुणीतरी धडा शिकवा' ही. दुसरी, 'हिला कुणीतरी घरी पाठवा' ही. रेसलिंगमधली हील विकी गरेरो नुसती 'एक्स्क्यूज मी!' म्हणून किंचाळायची आणि पुढचं वाक्य ऐकूच येऊ नये इतका गोंधळ व्हायचा. ती पहिल्या तऱ्हेची हुर्यो, आणि ती कमवावी लागते. दुसरी नुसती वीट आल्याची खूण असते. मालिकांमध्येही हेच. खलनायिकेची तीच ती कारस्थानं चालू झाली की राग येत नाही, हात रिमोटकडे जातो.

आणखी एक असते ती स्वस्तातली हीट. ज्या गावात खेळ असेल तिथल्या संघाला नावं ठेवायची. टोरंटोत जाऊन तिथल्या हॉकी संघाचा, मेपल लीफ्सचा विषय काढायचा. १९६७ नंतर त्यांनी स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, जिंकलेला नाही, त्यामुळे हीलला तिथे पाठांतराची गरजच पडत नाही.

प्रतिसाद

मी हॉकीवाला. ताई, तुम्ही एव्हरीचं उदाहरण दिलंत ते चपखल आहे, पण हॉकीतल्या सगळ्या दांडगटांना त्या टोपलीत टाकू नका. तिथे दोन वेगळी कामं आहेत.

एक 'एन्फोर्सर'. फिलाडेल्फिया फ्लायर्सच्या डेव्ह शुल्ट्झने १९७४-७५ च्या हंगामात ४७२ मिनिटांच्या पेनल्टी घेतल्या. तो विक्रम अजून अबाधित आहे. सामना ६० मिनिटांचा धरला तर हे जवळपास ८ अख्ख्या सामन्यांएवढं होतं. बाहेरच्याला हा माणूस गुंड वाटेल. पण एडमंटनमध्ये संघाचा हुकमी एक्का वेन ग्रेट्स्की याला मोकळं खेळता आलं, त्यात डेव्ह सेमेन्को आणि मार्टी मॅकसोर्ली यांचा वाटा होता. ग्रेट्स्कीला हात लावला तर गाठ यांच्याशी. १९८८ मध्ये ग्रेट्स्की लॉस एंजेलिसला गेला, तेव्हा मॅकसोर्लीही त्याच व्यवहारात सोबत गेला. याला मी 'पाठीराखा' म्हणेन. घरच्या लोकांना तो खल कधीच वाटत नाही.

दुसरा 'पेस्ट'. हा मारामारी करत नाही, करायला लावतो. टोचून बोलणार, पंचाची पाठ वळली की काठीने ढोसणार, आणि समोरच्याने हात उचलला की दोन्ही हात वर करून साळसूद चेहरा करणार. पेनल्टी बॉक्समध्ये जातो तो दुसराच. यासाठी 'कळलाव्या'. शब्द शोधायला लांब जायची गरज नाही.

आणि एक फरक विसरू नका. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही म्हणतात. बर्फावर दातांचंही आणता येत नाही. एन्फोर्सर डेरेक बूगार्ड २०११ मध्ये २८ व्या वर्षी गेला, नंतर तपासणीत मेंदूला सीटीई (डोक्याला वारंवार मार बसून होणारा आजार) झाल्याचं आढळलं. याच मॅकसोर्लीने २००० मध्ये डोनाल्ड ब्रॅशियरच्या डोक्यात काठी घातली, तर कोर्टाने त्याला दोषी ठरवलं. तिथे केफेब वगैरे काही नव्हतं.

प्रतिसाद

हॉकीच्या नियमात 'इन्स्टिगेटर' पेनल्टी असते ना? मग तोच कळलाव्या.

प्रतिसाद (हॉकीवाला)

नाही, गंमत तिथेच आहे. ती पेनल्टी आधी हातमोजे काढून अंगावर जाणाऱ्याला मिळते, म्हणजे बहुतेकदा डिवचला गेलेल्याला. कळ काढणारा त्यातूनही सुटतो.

धागाकर्ती

पाठीराखा आणि कळलाव्या दोन्ही मान्य, आणि कळलाव्या तर हीलचा सख्खा भाऊ शोभतो. पण मग माझ्या मालिकांतल्या बायकांचं काय? त्यांच्यासाठी शब्द भरपूर आहेत, आणि प्रत्येकाची जागा वेगळी आहे.

'खाष्ट' ही घरापुरती. हुकूम सोडते, टोमणे मारते, पण तिची योजना अशी काही नसते. 'कजाग' तोंडाने भांडते, समोरासमोर. म्हणून ती खलनायिका होऊच शकत नाही, कारण तिच्या पोटात काही राहत नाही. 'कैदाशीण' हा शब्द बोलणाऱ्याचा संताप सांगतो, त्या बाईबद्दल फारसं काही सांगत नाही. 'पाताळयंत्री' ही खरी मालिकेची मालकीण. ती एका भागात पेरते आणि चाळीस भागांनी कापते. मंथरा या जातीची. दूरदर्शनवर १९८७ मध्ये सुरू झालेल्या रामायणात ती ललिता पवारांनी केली होती. कैकेयीच्या कानाशी लागताना त्यांचा आवाज खाली येतो, आणि बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो.

'जहांबाज' मला सर्वांत आवडतो, कारण त्यात निंदेइतकंच कौतुक आहे. अ‍ॅलेक्सिस जहांबाज. 'ऑल माय चिल्ड्रन'मधली एरिका केनसुद्धा. ती भूमिका सुसान लुचीने १९७० पासून २०११ पर्यंत केली आणि डेटाइम एमी तिला १९९९ मध्ये, १९ व्या नामांकनाला मिळालं. एवढी वर्षं लोक एका बाईचा नुसता द्वेष करत नाहीत. मध्येच तिच्या बाजूने होतात, मग परत चिडतात. यासाठी रेसलिंगमध्ये 'टर्न' असा शब्द आहे. त्याला काय म्हणायचं?

प्रतिसाद

एकच शब्द कशाला? फेसचा हील झाला तर 'फितुरी', हीलचा फेस झाला तर 'वाल्याचा वाल्मीकी'.

धागाकर्ती

वा! फितुरी अगदी बरोबर. जुलै १९९६ मध्ये हल्क होगन धावत आला तो वाचवायला येतोय असं वाटलं, आणि त्याने रँडी सॅव्हेजच्याच अंगावर पाय टाकला. लोकांनी रिंगमध्ये कचऱ्याचा पाऊस पाडला. नुसता 'खलनायक झाला' म्हटलं तर त्यातली दगाबाजी निसटते. फितुरीत ती आहे.

पण वाल्याचा वाल्मीकी प्रत्येक वेळी बसत नाही. वाल्या बदलला म्हणून वाल्मीकी झाला. २३ मार्च १९९७ च्या रेसलमेनियात, म्हणजे रेसलिंगच्या वार्षिक मोठ्या कार्यक्रमात, स्टीव्ह ऑस्टिन कणभरही बदलला नव्हता. ब्रेट हार्टच्या शार्पशूटर या पकडीत अडकलेला, तोंडावर रक्ताचे ओघळ. शुद्ध हरपली, पण हार मानली नाही. ब्रेटने तो बेशुद्ध पडल्यावरही मारणं चालू ठेवलं. एका लढतीत दोघांची अदलाबदल झाली. बदलले ते बघणारे. आणि तेही सगळे नाहीत. पुढचे काही महिने ब्रेट अमेरिकेत हील आणि कॅनडात देव. (कॅल्गरी हिटमेन हा ज्युनिअर हॉकी संघ याच ब्रेटच्या टोपणनावावरून आहे. तो संघाच्या संस्थापक मालकांपैकी एक. माझी दोन व्यसनं तिथे एकाच जर्सीत भेटतात.)

प्रतिसाद (हॉकीवाला)

मग ब्रॅड मार्शां घ्या. नंबर एकचा कळलाव्या. २०१८ च्या प्लेऑफमध्ये प्रतिस्पर्ध्यांना चाटायचा, शेवटी लीगला सांगावं लागलं की हे बंद कर. २०२३ मध्ये बॉस्टनचा कर्णधार झाला. २०२४ मध्ये फ्लोरिडाच्या सॅम बेनेटने त्याला जायबंदी केलं, तेव्हा सगळं बॉस्टन बेनेटच्या नावाने बोटं मोडत होतं. मार्च २०२५ मध्ये बॉस्टनने मार्शांला फ्लोरिडालाच देऊन टाकलं, आणि जूनमध्ये त्याने बेनेटच्या सोबतीने स्टॅनली कप उचलला. ना फितुरी, ना वाल्मीकी. याला 'पारडं फिरणं' म्हणा हवं तर.

तुम्ही २३ मार्च १९९७ म्हणालात. त्यानंतर तीनच दिवसांनी, २६ मार्चला, डेट्रॉइट आणि कोलोरॅडोची ती प्रसिद्ध मारामारी झाली. आदल्या वर्षी क्लॉड लमीने मागून ढकलून क्रिस ड्रेपरचा जबडा मोडला होता, शिक्षा झाली दोन सामन्यांची. त्याचा हिशेब डॅरेन मॅकार्टीने चुकता केला, वर ज्यादा वेळेत विजयी गोलही त्यानेच मारला. लमीने प्रतिकार न करता डोकं झाकून खाली बसून घेतलं. चाहते त्याला 'टर्टल' करणं म्हणतात. कासव?

प्रतिसाद

कासव कशाला? 'अंगाचं मुटकुळं केलं'.

धागाकर्ती

मुटकुळं! हे तर मला सुचलंच नसतं. तर तूर्त माझी यादी अशी : केफेब म्हणजे सोंग, हीट म्हणजे हुर्यो, पेस्ट म्हणजे कळलाव्या, एन्फोर्सर म्हणजे पाठीराखा. हील हा हीलच राहू दे. 'व्हिलन' आपण घेतलाच आहे, त्याच्या शेजारी हाही बसेल.

प्रतिसाद

कळलाव्याचं 'कळलावी' सहज होतं, ही जमेची बाजू. महिलांची हॉकी लीग पीडब्ल्यूएचएल जानेवारी २०२४ पासून सुरू आहे, तिथे कामाला येईल. त्याच लीगमध्ये एक नियम आहे : संघाची खेळाडू पेनल्टी बॉक्समध्ये असताना, कमी खेळाडूंनिशी त्या संघाने गोल केला, की आतली खेळाडू लगेच बाहेर. त्याला 'जेलब्रेक' म्हणतात. हा शब्द कोण घेतंय?

प्रतिसाद (हॉकीवाला)

'तुरुंगफोड' नको, तिथे फोडाफोडी आधीच पुष्कळ आहे. 'गोलमाफी' कसा वाटतो?