काल्पनिक पुणेकर पोप : कारकिर्दीच्या तारखा जुळतात का?

कथाबीज (प्रश्न)

कादंबरीचा नायक पुण्याचा, पुढे पोप होतो. आराखडा असा : जन्म १९७५, नाना पेठ. १९९३ ला बारावी होऊन रामवाडीच्या पेपल सेमिनरीत, १९९७ ला फादर, २००७ ला पुण्याचा बिशप, २०१२ ला कार्डिनल (पोपची निवड करणाऱ्या वरिष्ठ धर्मगुरूंपैकी एक), २०४१ ला पोप 'गोन्सालो पहिला', २०५२ ला राजीनामा. निवडणुकीच्या प्रसंगात कामरलेंगो (व्हॅटिकनचा कारभारी कार्डिनल) बाल्कनीत येऊन नाव जाहीर करतो. चर्चच्या कायद्यात हे कुठे अडतं? वसईच्या किंवा पुणे कॅम्पातल्या ख्रिस्ती वाचकाला खटकू नये, ही मनापासून इच्छा आहे.

नगररोड

अडतं ते पहिल्याच पायरीवर. गुरुदीक्षेला, म्हणजे फादर व्हायला, किमान वय २५ लागतं. त्याआधी डीकन व्हावं लागतं (किमान २३) आणि दोन्हींत निदान सहा महिन्यांचं अंतर हवं. वयात एक वर्षापर्यंतची सूट बिशप देऊ शकतात, त्यापुढची फक्त रोम. तुमचा नायक १९९७ मध्ये २२ चा आहे. शिवाय तत्त्वज्ञान दोन वर्षं आणि ईशज्ञान (थिऑलॉजी) चार वर्षं, असा सहा वर्षांचा अभ्यास कायद्यातच आहे. त्यात सुरुवातीची तयारी आणि मधलं धर्मग्रामातलं (पॅरिशमधलं) अनुभवाचं वर्ष धरा. बारावीनंतर नऊ-दहा वर्षं सहज जातात. २००३, वय २८, हे पटण्यासारखं.

बिशपसाठी किमान ३५ वय, गुरुदीक्षेला पाच वर्षं झालेली, आणि ईशज्ञान, बायबल किंवा चर्चचा कायदा यांतली वरची पदवी किंवा तेवढा अधिकार. २००७ ला ३२ चा बिशप होणार नाही. आणखी एक पंचाईत : १९७७ ते २००९ पुण्याचे बिशप व्हॅलेरियन डिसोझा होते, त्यांच्यानंतर थॉमस डाबरे. खऱ्या गादीवर काल्पनिक माणूस बसवलात की जाणता वाचक तिथेच पुस्तक मिटतो.

२०१२ तर सोडाच. ३७ व्या वर्षी कार्डिनल केलात तर तो २०१३ आणि २०२५ या दोन्ही निवडणुकांत मतदार ठरतो, आणि ११५ व १३३ हे मतदारांचे खरे आकडे तुम्हाला बदलावे लागतात.

पुणे हा साधा धर्मप्रांत आहे, मुंबईच्या प्रांतात मोडतो. इथून थेट लाल टोपी, म्हणजे कार्डिनलपद, मिळणं अवघड. त्यापेक्षा त्याला व्हॅटिकनच्या परराष्ट्रसेवेत घाला. वांद्र्याचे आयव्हन डायस याच वाटेने गेले : घाना, कोरिया, अल्बानिया इथे पोपचे राजदूत, १९९६ ला मुंबईचे आर्चबिशप, २००१ ला कार्डिनल, २००६ ला रोममध्ये धर्मप्रसार खात्याचे प्रमुख. तुमच्यासाठी : २००७ ला रोमला चर्चच्या कायद्यात डॉक्टरेट आणि राजदूतांची अकादमी, २०२२ च्या सुमारास आर्चबिशपच्या हुद्द्याने राजदूत, २०३३ ला खात्याचा प्रमुख आणि कार्डिनल. २०४१ ला तो ६६ चा असेल. अगदी योग्य वय.

सिस्टिनवाचक

नाव कामरलेंगो जाहीर करत नाही. ते काम कार्डिनलांमधल्या 'डीकन' नावाच्या श्रेणीतल्या सर्वांत ज्येष्ठाचं. कामरलेंगो पोपच्या मृत्यूची खात्री करतो आणि गादी रिकामी असताना रोजचा कारभार बघतो.

प्रसंग असा बसवा. गादी रिकामी झाल्यापासून १५ ते २० दिवसांत मतदान सुरू होतं. सगळे मतदार आधीच पोचले तर १५ दिवसांच्या आतही, अशी दुरुस्ती २०१३ ला झाली. गादी रिकामी होण्याच्या आदल्या दिवशी ज्यांची ८० वर्षं पूर्ण झालेली नाहीत तेच मत देतात. पहिल्या दिवशी संध्याकाळी बहुतेक एकच फेरी, नंतर रोज चार : दोन सकाळी, दोन दुपारनंतर. दोन तृतीयांश मतं हवीत. २०२५ ला १३३ पैकी ८९ लागत होती आणि दुसऱ्याच दिवशी, चौथ्या फेरीत निकाल लागला. तीन दिवस निकाल नाही तर जास्तीत जास्त एक दिवस थांबून प्रार्थना.

चिठ्ठीवर अक्षर ओळखू येणार नाही असं लिहायचं, घडी घालून ती वर धरून वेदीपर्यंत न्यायची, शपथ घ्यायची, तबकावर ठेवून तबकातून पात्रात सोडायची. मोजणारे तीन, आजारी मतदारांकडे जाणारे तीन, फेरतपासणीचे तीन, सगळे सोडत काढून निवडलेले. तिसरा मोजणारा नाव मोठ्याने वाचतो आणि प्रत्येक चिठ्ठी तिच्यावरच्या 'एलिगो' (मी निवडतो) या शब्दातून सुईदोऱ्याने ओवतो. हे नक्की लिहा.

चिठ्ठ्या मतदारांपेक्षा कमी-जास्त भरल्या तर सगळ्या न मोजता जाळून लगेच पुन्हा मतदान. नाट्य हवं असेल तर तेच वापरा.

धुराचा घोळ बहुतेक लेखक करतात : प्रत्येक फेरीला धूर नाही. निकाल नसेल तर सकाळच्या किंवा दुपारच्या दोन्ही फेऱ्यांच्या चिठ्ठ्या एकत्र जळतात, म्हणून दिवसाला दोनदाच. काळ्याला पोटॅशियम परक्लोरेट, अँथ्रासीन आणि गंधक. पांढऱ्याला पोटॅशियम क्लोरेट, लॅक्टोज आणि राळ.

नायक आधीच बिशप असल्यामुळे 'स्वीकारतो' म्हणताक्षणी तो पोप. कपडे, बाल्कनी, आशीर्वाद हे सगळं त्यानंतर.

वसईची वाट

गोन्सालो नाव फार आवडलं. संत गोन्सालो गार्सिया वसईचे, १५९७ ला नागासाकीत हुतात्मा, १८६२ ला संतपद. 'पहिला' मात्र काढा : फ्रान्सिस यांनी लावला नाही, १९७८ ला जॉन पॉल यांनी स्वतःहून लावला होता, पण तो अपवाद. नाव बदलायची सक्तीही नाही; १५५५ ला दुसऱ्या मार्सेलसनी मूळचंच ठेवलं.

लहानपणासाठी नाना पेठेत क्वार्टर गेटजवळचं सिटी चर्च घ्या, पेशवाईतलं, १७९२ चं. आधीच्या पोपचं नाव कादंबरीत देऊ नका. हयात माणसाचा मृत्यू लिहावा लागेल.

नगररोड

राजीनाम्याचं राहिलं. तो मोकळ्या मनाने दिलेला आणि नीट जाहीर केलेला असावा, एवढीच अट. कुणी मंजूर करावा लागत नाही. त्यामुळे 'कार्डिनलांनी राजीनामा फेटाळला' असं प्रकरण योजलं असेल तर ते गाळा. तारीख आणि तास दोन्ही लिहा : बेनेडिक्ट यांनी ११ फेब्रुवारी २०१३ ला सांगितलं, गादी २८ तारखेला रात्री ८ ला रिकामी झाली.