दूरदर्शनचं फिरतं चिन्ह: कॅसेटमधल्या तीन फितींचा क्रम कसा लावायचा?

वाचनालय_कट्टा (आर्वी तालुका)

गावच्या वाचनालयातल्या प्रदर्शनासाठी चार मिनिटांची फीत करायची आहे. विषय: दूरदर्शनचं ते फिरत-फिरत डोळ्यासारखं होणारं चिन्ह वर्षागणिक कसं बदललं. हाती एकच व्हीएचएस कॅसेट आहे, तिच्यात तीन तुकडे:

क) काळा-पांढरा, पुसट, वळणं गोल फिरत येऊन जुळतात.
ख) रंगीत, फिरताना कडांना कंगव्याच्या दातांसारख्या रेघा.
ग) रंगीत, धातूसारखं चकाकणारं, खोली असलेलं चिन्ह.

क-ख-ग हाच क्रम धरायचा का? कंगव्याच्या रेघा कशा काढायच्या? तुकडा क फारच खराब आहे, तो नव्याने काढायचा झाला तर कसा? कॅसेटच्या कडेला पांढरी बुरशी आहे. अजून व्हीसीआरमध्ये घातलेली नाही.

टीनावरचा_अँटेना

घातली नाही हे बरं केलं. आधी कॅसेट, मग इतिहास.

पांढरी बुरशी असलेली फीत चालवली की बुरशी व्हीसीआरच्या हेडवर, म्हणजे फीत वाचणाऱ्या चुंबकी टोकांवर, चढते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. कोरड्या खोलीत कॅसेटचे पाच स्क्रू काढा, रीळं उचला, बाहेर अंगणात कडा मऊ ब्रशने झाडा. नाकाला रुमाल बांधा. मग रीळं दुसऱ्या स्वच्छ रिकाम्या कॅसेटमध्ये बसवा आणि प्ले न करता एकदा पूर्ण पुढे, एकदा मागे गुंडाळा. हे काम सुरू असताना डेझर्ट कूलर बंद. उन्हाळ्यात आपल्याकडे त्याच्यासमोरच टेबल मांडायची सवय असते, पण ओली हवा ड्रमवर, म्हणजे हेड बसवलेल्या फिरत्या नळकांड्यावर, बसली की फीत चिकटते आणि चुरगळते.

हेड पुसायला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. मेडिकलमधलं स्पिरिट नको, त्यात पाणी असतं. धागे न सुटणारं कापड ओलं करून ड्रमला टेकवून धरायचं आणि दुसऱ्या हाताने ड्रम सावकाश फिरवायचा. कापड वर-खाली घासलं की हेडचं टोक तुटतं. कापूस लावलेली काडी तर अजिबात नको, तिचा धागा अडकतो.

कॅप्चर करताना, म्हणजे फीत लॅपटॉपवर उतरवून घेताना, लॅपटॉप बॅटरीवर ठेवा. चौकोनी लहरीच्या स्वस्त इन्व्हर्टरवर व्हीसीआर चालवला तर चित्रात आडवे पट्टे सरकतात आणि आवाजात घुरघुर येते. लाइट असतानाच काम उरका. ७२० × ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, इंटरलेस्ड (एकाआड एक रेघांची दोन अर्धी चित्रं) तसंच ठेवून, न दाबता (कॉम्प्रेस न करता) घ्या. त्याला तासाला ७५ जीबीच्या आसपास जागा लागते. तुमचे तुकडे मिनिटाभराचे असतील तर चिंता नाही. डीव्ही या दाबलेल्या स्वरूपात तासाला १३ जीबी पुरते, पण लाल रंगाच्या कडा थोड्या फुटतात.

चौकट_दर_चौकट

आता क्रम. क-ख-ग हा क्रम नुसत्या दिसण्यावरून लावू नका. मूळ चिन्ह राष्ट्रीय रचना संस्थेचे, म्हणजे अहमदाबादच्या एनआयडीचे विद्यार्थी देवाशिष भट्टाचार्य यांनी काढलं. एक वर्तुळ आणि त्याला कवेत घेणारी दोन वळणं. ते हलतं केलं तिथल्याच आर. एल. मिस्त्री यांनी. धून उस्ताद अली अहमद हुसेन खान आणि पंडित रविशंकर यांची. १ एप्रिल १९७६ रोजी दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळं झालं, तेव्हा हे चिन्ह पडद्यावर आलं. पुढे आकार बहुतांशी तोच राहिला. बदललं ते हलवण्याचं तंत्र. तुमच्या प्रदर्शनाचा कणाही तोच ठेवा, म्हणजे तीनदा तोच डोळा दाखवल्यासारखं होणार नाही.

तंत्र ओळखायला फील्ड मोजा. आपल्याकडच्या पाल या टीव्ही पद्धतीत प्रत्येक फ्रेम दोन फील्डची (एकाआड एक रेघांच्या दोन अर्ध्या चित्रांची), म्हणजे सेकंदाला ५० फील्ड. कॅप्चर केलेली फीत फील्ड-फील्ड सुटी करा आणि एकेक पुढे सरकवा.

प्रत्येक जोडीत चिन्ह एकाच जागी असेल, तर मूळ काम बहुधा फिल्मवर, कॅमेरा स्टँडखाली चौकट-चौकट टिपलेलं. एकच चित्र सलग चार फील्ड थांबत असेल, तर एका चित्रावर दोन चौकटी टिपल्या आहेत. हाताने केलेल्या ॲनिमेशनची ही नेहमीची रीत.

दर फील्डला चिन्ह थोडं सरकत असेल, तर ते इलेक्ट्रॉनिक यंत्रावर किंवा संगणकावर थेट व्हिडिओत तयार झालं. तुमच्या ख मधल्या कंगव्याच्या रेघा म्हणजे हेच.

मात्र एक फसवी जागा आहे. कॅप्चर कार्डाने फील्ड एकाने चुकवून जोडले, तर फिल्मवरचं कामही दातेरी दिसतं. जोडी एका फील्डने सरकवून पाहा. दाते गेले तर ते बहुधा फिल्म.

आणि क काळा-पांढरा आहे म्हणून तो १९८२ च्या आधीचा असं समजू नका. रंगीत प्रक्षेपण १५ ऑगस्ट १९८२ च्या सोहळ्यापासून आणि त्या वर्षाच्या एशियाडपासून रुळलं हे खरं. पण सहक्षेपण केंद्रापासून लांब गावात सिग्नल कमजोर पडला की व्हीसीआरमधलं कलर किलर सर्किट रंग कापून टाकतं आणि रंगीत कार्यक्रम काळा-पांढरा नोंदला जातो. क च्या लगेच पुढे-मागे काय नोंदलंय ते पाहा. तिथेही रंग नसेल तर दोष सिग्नलचा. शेजारच्या कार्यक्रमात रंग असेल आणि नेमकं चिन्हच करडं असेल, तर मात्र जुनी फीत पुन्हा दाखवली असण्याचा संभव मोठा.

ग साठी नाव वाचा. चिन्हाखाली डीडी-१ आहे, मेट्रो आहे की सह्याद्री? मेट्रोच्या जागी ३ नोव्हेंबर २००३ रोजी डीडी न्यूज आलं, त्यामुळे मेट्रोचं नाव दिसलं तर प्रसारण त्याआधीचं.

धुनवाला_दारव्हा

क जर फिल्म निघाली तर वेग २४ वर आणायला विसरू नका. सिनेमाची फिल्म सेकंदाला २४ चौकटींची, टीव्हीवर ती २५ ने पळते. म्हणजे ४ टक्के जलद, आणि सूर जवळपास पाऊण स्वर चढा.

चौकट_दर_चौकट

नका करू बाप्पा! पाल पद्धतीच्या देशांत टीव्हीसाठीची फिल्म मुळातच २५ ने टिपायची रीत होती. फिल्म दिसली की २४ हे गृहीत धरता येत नाही. शिवाय धून वेगळी नोंदून नंतर जोडलेली असू शकते. तेव्हा चित्राचा वेग आणि सूर यांचं गणित एकत्र बसेलच असं नाही. आणि सिनेमा असता तरी चढ ०.७ अर्धस्वर, पाऊण स्वर नव्हे. लोकांनी घरात ऐकलं ते २५ वरचंच. तेच ठेवा.

वऱ्हाडी_वळण

क नव्याने काढायचा तर इंकस्केप हे रेखाचित्रांचं सॉफ्टवेअर पुरे आहे. मधलं वर्तुळ काढा. एकच वळण काढा, जाड टोकाकडून निमुळत्या टोकाकडे. त्याची प्रत वर्तुळाच्या केंद्राभोवती १८० अंशांत फिरवा. बहुतेक लोक इथेच चुकतात. प्रत आरशासारखी उलटवतात, मग दोन्ही वळणं एकाच बाजूला तोंड करतात आणि डोळ्याऐवजी कंस दिसतो. फिरण्याचा अक्ष वर्तुळाच्या केंद्रावरच ठेवा. अर्धा पिक्सेल जरी सरकला तरी फिरताना चिन्ह डुगडुगतं.

वेगाला मर्यादा आहे. दोन वळणं सारखी, म्हणून एका चौकटीत १८० अंश फिरलं तर चिन्ह उभंच दिसतं, ९० अंशांना डावीकडे फिरतंय की उजवीकडे ते कळत नाही. एका चौकटीत २० अंशांच्या आतच राहा.

सावकाश थांबण्यासाठी सोपा हिशोब: अंतिम स्थितीपासून ३६० अंश मागे सुरू करा आणि प्रत्येक चौकटीत उरलेल्या कोनाचा ५ टक्के भाग कापा. पहिली उडी १८ अंशांची येते. पण या पद्धतीत कोन शून्यावर कधीच पोहोचत नाही. १०० चौकटींनंतर, म्हणजे चार सेकंदांनीही दोनेक अंश उरतात. तिथे एकदम शून्य केलं तर शेवटी झटका दिसतो. म्हणून ते दोन अंश पुढच्या दहा-बारा चौकटींत वाटून द्या.

जुनेपणा आणायला ओरखड्यांचा तयार इफेक्ट लावू नका, तो तर लग्नाच्या व्हिडिओसारखा दिसतो. पूर्ण चित्र दर चौकटीत एखादा पिक्सेल इकडे-तिकडे हलवलं आणि पांढऱ्याच्या कडा किंचित विरघळवल्या तरी भागतं. आणि खाली ‘पुनर्रचना’ असं ठळक लिहा.

वाचनालय_कट्टा

कॅसेट साफ करून कॅप्चर झालं. क चे फील्ड जोडीने थांबतात, शेजारच्या बातम्या रंगीत आहेत. ख दर फील्डला सरकतो. ग खाली मेट्रो लिहिलंय. आता दोन अडचणी. ख मध्ये वर्तुळ उभट दिसतं. आणि तिन्हींत खालच्या कडेला थरथरणारी पांढरी पट्टी आहे.

टीनावरचा_अँटेना

उभट दिसणं बरोबरच आहे. ७२० × ५७६ मध्ये पिक्सेल चौकोनी नसतात. १०० पिक्सेल उंच वर्तुळ साधारण ९२ पिक्सेल रुंद नोंदलं जातं. उंची ५७६ तशीच ठेवून रुंदी ७८६ करा, मग मधलं वर्तुळ मोजून पाहा. चिन्हातच वर्तुळ असल्यामुळे वेगळी मोजपट्टी लागत नाही. ख साठी दातेही काढायचे तर डीइंटरलेस (फील्डची पूर्ण चित्रं करणारी प्रक्रिया) वापरा, तेही दर सेकंदाला ५० पूर्ण चित्रं करणारं. २५ ठेवलं तर फिरण्यातला गुळगुळीतपणा जातो, आणि ख चं वैशिष्ट्य तेवढंच आहे. क ला मात्र डीइंटरलेस लावू नका, नुसती फील्डची जोडी जुळवा, नाही तं अर्ध्या रेघा फुकट जातात.

खालची पट्टी म्हणजे व्हीसीआर एका हेडवरून दुसऱ्यावर जातो ती जागा. प्रत्येक व्हीएचएसमध्ये ती असते, जुन्या टीव्हीच्या चौकटीआड झाकली जायची. खालच्या ८-१० रेघांवर काळी पट्टी टाका. कापून उरलेलं चित्र ताणू नका, आत्ताच गोल केलेलं वर्तुळ पुन्हा बिघडेल.