झिरकॉनियाची कॅप तोंडात घासली, मग पॉलिश कोण करणार?

धंतोली_दंतवैद्य:
झिरकॉनिया म्हणजे दाताच्या रंगाचं कडक सिरॅमिक, त्याची कॅप दातावर बसवतात. पेशंट विचारतात वॉरंटी किती वर्षांची, पण बसवताना कॅपचं काय केलं हे कोणीच विचारत नाही. लॅबमधून कॅप येते ती ग्लेझ करून, चकचकीत. मग कॅप कुठे उंच लागते ते बघायला निळा कागद चावायला देतात, जिथे गडद डाग उमटला तिथे एअरोटरला (दाताच्या ड्रिलला) डायमंड बर, म्हणजे हिऱ्याच्या कणांचं टोक, लावून घासतात आणि तशीच सिमेंट करून मोकळे. त्या जागेवरून प्रोब (टोकदार तपासणी सळी) फिरवून बघा, खरखर हाताला लागते. खरबरीतपणा 0.2 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वर गेला की प्लाक, म्हणजे दातावरचा जंतूंचा थर, वाढत जातो हे 1990 च्या दशकापासून माहीत आहे, कारण खळग्यात बसलेल्या जंतूंना ना लाळ धुऊन काढते ना ब्रश. माझं स्पष्ट मत, घासली तर पॉलिश केल्याशिवाय सिमेंट करायचीच नाही.

महाल_लॅबवाला:
पॉलिश कायले, परत लॅबमध्ये पाठवा ना, आम्ही पुन्हा ग्लेझ करून देतो. तुमाले पेशंटची दुसरी अपॉइंटमेंट नको म्हणून हे पॉलिशच्या रबर व्हीलचं कौतुक चालू आहे.

धंतोली_दंतवैद्य:
भाऊ, ग्लेझ म्हणजे वरचा काचेचा पातळ थर, चावून चावून तो झिजतो आणि झिजताना समोरच्या दातालाही घासतो. नीट पॉलिश केलेला झिरकॉनिया समोरच्या इनॅमलला ग्लेझपेक्षा कमी झिजवतो. तुमचा ग्लेझ दिसायला छान, मान्य.

मेडिकल_चौक_इंटर्न:
सर पण चावायच्या जागी प्लाक टिकतोच कुठे, तिथे दातावर दात दिवसभर घासतो. आणि कितीही गुळगुळीत करा, काही मिनिटांत लाळेतल्या प्रोटीनचा थर चढतोच, जंतू आधी त्यालाच चिकटतात. मग एवढा आग्रह कशाला? पॉलिशपेक्षा कॅपची कड हिरडीपाशी नीट बसली का ते बघावं.

धंतोली_दंतवैद्य:
कडेचं बरोबर आहे. पण लाळेचा थर फार पातळ असतो, बरने पाडलेले चर त्याने बुजत नाहीत. आणि कॅप नुसती वरून घासतात का? टाइट बसली की बाजूने पण घासतात, दोन दातांच्या मध्ये, जिथे ब्रश पोचत नाही आणि फ्लॉस आपल्याकडे कोण करतो. तिथली खरखर पेशंटला ना दिसते ना जिभेला लागते, आणि सिमेंट झाल्यावर डॉक्टरचा पण हात पोचत नाही.

बर्डीचा_पेशंट:
डॉक्टर, दिवसभर तोंडात खर्रा (सुपारी-तंबाखू) धरून बसणाऱ्याले तुमचं 0.2 मायक्रॉन काय करून राहिलं? आधी खर्रा सोडवा. आणि खरबरीत इतकं वाईट तर माझ्या मोठ्या भावाले इम्प्लांट लावला तेव्हा त्याचा डॉक्टर काहून म्हणे की स्क्रू मुद्दाम खरबरीत असते, हाड चांगलं धरते?

धंतोली_दंतवैद्य:
खर्रा तर सोडाच, त्यावर वाद नाही. इम्प्लांटचं म्हणाल तर हाडाच्या पेशींना एक-दोन मायक्रॉनचा खरबरीतपणा आवडतो, म्हणून हाडात जाणारा भाग ब्लास्ट करून (बारीक कणांचा मारा करून) आम्लात बुडवतात. हिरडीतून वर येणारा भाग मात्र गुळगुळीत ठेवतात, तिथे हिरडीच्या फायब्रोब्लास्ट (ऊतक बांधणाऱ्या) पेशी चिकटायला हव्यात आणि जंतू नकोत. कॅपचं पण तेच, आतून सिमेंट धरायला ब्लास्टिंग, बाहेरून पॉलिश.

मेडिकल_चौक_इंटर्न:
प्लाझ्मा (विजेने भारलेला वायू) किंवा यूव्ही प्रकाश देऊन झिरकॉनियावर हवेतून बसलेला कार्बन उडवतात, पाणी लगेच पसरतं आणि पेशी छान धरतात असं वाचलंय. घासण्या-पॉलिशवर भांडण्यापेक्षा पुढे तेच चालेल.

धंतोली_दंतवैद्य:
प्रयोगशाळेच्या डिशमध्ये धरतात. हवेत ठेवलं की काही दिवसांत कार्बन परत बसतो, आणि बरचे चर त्याने जात नाहीत. शिवाय 0.2 च्या खाली अजून गुळगुळीत केलं तरी प्लाक त्याहून फारसा कमी होत नाही, म्हणजे आरशासारखं कोणी मागत नाहीये. साधं पॉलिशिंग किट, जाड रबर, बारीक रबर, मग डायमंड पेस्ट, आणि हे सगळं सिमेंटच्या आधी.

महाल_लॅबवाला:
ते किट किती क्लिनिकमध्ये आहे ते पण लिहा की. आमच्याकडे परत आलेल्या कॅपवर बरच्या रेघा डोळ्याने दिसतात बाप्पा.

बर्डीचा_पेशंट:
म्हणजे दोघं मिळून एकाच गोष्टीवर भांडून राहिले. पॉलिशचे पैसे वेगळे लागतील का ते सांगा आधी.